मागच्या ब्रेकचे अकाली निधन आणि त्याचे निदान

मोटारगाडीला चार चाकांचे मिळून चार ब्रेक असतात हे मालकाला माहीत असते. ते चारही सारखेच काम करतात असाही त्याचा समज असतो, आणि मागच्या ब्रेकविषयीचे बहुतेक कलह या दुसऱ्या समजातून उद्भवतात. वस्तुस्थिती अशी की धावती गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे झुकतो. उभी असताना पुढच्या चाकांवर ६०० आणि मागच्यांवर ४०० किलो पेलणारी, एकूण १,००० किलोंची एखादी छोटी हॅचबॅक जोरात ब्रेक लागल्यावर पुढच्या चाकांवर पावणेआठशे किलोंच्या घरात भार टाकते आणि मागच्यांपाशी जेमतेम सव्वादोनशे उरतात. ज्या चाकावर भार कमी त्याची रस्त्यावरची पकड कमी, आणि पकड कमी असलेले चाक जोरात आवळले तर ते फिरणे सोडून घसरू लागते, मग गाडीची शेपूट तिच्या डोक्याला ओलांडून पुढे जाण्याचा प्रयत्न करते आणि तो प्रयत्न आतल्या प्रवाशांना फार जवळून पाहावा लागतो. हे टाळण्यासाठी अभियंत्यांनी मागच्या ब्रेककडे हलके काम सोपवले; गाडी थांबवण्याच्या श्रमांपैकी दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाटा पुढचे ब्रेक उचलतात आणि मागचे ब्रेक हजेरी लावतात.

पुढच्या चाकांत बहुधा डिस्क असते, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे दोन पॅड असतात. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेला घर्षणद्रव्याचा थर, जो झिजण्यासाठीच जन्माला येतो; हे पॅड ज्याच्या जबड्यात बसतात त्याला कॅलिपर म्हणतात. मागे मात्र अनेक छोट्या गाड्यांत आजही ड्रम असतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा, ज्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात आणि पायाने ब्रेक दाबला की ते फाकून डब्याच्या आतल्या भिंतीला टेकतात. शूवरच्या थराला गॅरेजमध्ये लायनर म्हणतात. मागचे काम हलके असल्यामुळे पुढचे पॅड दोनदा बदलून होईपर्यंत मागचे एकदाच बदलावे लागतात असा जुना हिशेब आहे, आणि तो गाडी वापरणाऱ्या घरांत विजेच्या बिलाच्या अंदाजाइतकाच दृढ असतो. म्हणूनच पुढचे पॅड ठणठणीत असताना मागचे संपले, असे वृत्त सर्व्हिसिंगच्या दिवशी आले की ती केवळ यांत्रिक बिघाडाची बातमी राहत नाही. हलके काम असलेल्याने आधी प्राण सोडावेत यात काहीतरी गैरव्यवहार आहे असा संशय सर्वांच्या मनात एकाच वेळी येतो.

मागच्या ब्रेकची ही दुय्यम पायरी सनातन नाही, हेही नोंदवले पाहिजे. मोटारीच्या आरंभीच्या काळात पुढच्या चाकांना ब्रेकच नसत. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पायाचा ब्रेक गिअरच्या पेटीतला एक पट्टा आवळत असे आणि हाताच्या दांड्याने मागच्या चाकांतले ड्रम लागत. पुढची चाके दिशा दाखवण्याच्या पलीकडे काही करत नसत. पुढे ब्रेक बसवला तर गाडी नाकावर उलटेल किंवा वळता वळणार नाही, अशी भीती त्या काळी जाणकार मंडळीही गंभीरपणे व्यक्त करीत. १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्युसेनबर्गने चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक बसवले, गाडी उलटली नाही, आणि त्या दशकात मागच्या ब्रेकचे सिंहासन गेले. पुढे १९५३ मध्ये ल मांची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली तेव्हा ड्रमचीही प्रतिष्ठा गेली. एके काळी संपूर्ण गाडी थांबवणाऱ्याची आज चौकशी होते ती फक्त तो मेल्यावर.

या चौकशीत आपल्याकडे पुरावा तपासण्यापूर्वी निकाल देण्याची प्रथा आहे. गाडी जॅकवर चढण्याआधीच तीन संप्रदाय आपापले मत मांडून मोकळे होतात. पहिला संप्रदाय हँडब्रेकवाद्यांचा: “साहेब, कुणीतरी हँडब्रेक ओढून चालवली असणार,” असे मेस्त्री म्हणतो, आणि ‘कुणीतरी’ हा शब्द उच्चारताना तो साहेबांकडे न पाहता मागे उभ्या असलेल्या बाईंकडे, बाई नसल्यास मुलाकडे, आणि दोघेही नसल्यास शून्यात पाहतो. दुसरा संप्रदाय मालवाद्यांचा असून त्यांच्या मते मागच्या वेळी ज्याने पॅड बसवले त्याने बाजारातला नकली माल टाकला. हा सिद्धान्त नेहमी दुसऱ्या गॅरेजविषयी मांडला जातो, कारण पहिल्या गॅरेजने टाकलेला माल ओरिजिनल असतो. तिसरा संप्रदाय घाटवाद्यांचा आहे आणि त्याचे अनुयायी बहुधा मालकाच्या शेजारी राहतात: “महिन्यातून दोनदा महाबळेश्वरला जाता, मग दुसरं काय होणार?” या तिन्ही मतांत तथ्यांश आहे, तथापि तिन्हींची सोय अशी की चाक न काढताही ती मांडता येतात.

यांपैकी हँडब्रेकचा सिद्धान्त सर्वांत लोकप्रिय असल्यामुळे तो आधी तपासणे योग्य ठरेल. हँडब्रेक, म्हणजे दोन आसनांमधला दांडा ओढून केबलच्या साहाय्याने लागणारा ब्रेक, बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांवर चालतो, म्हणून तो लावून गाडी चालवल्यास मागचेच लायनर झिजतील हे तर्काला धरून आहे. परंतु पूर्ण ओढलेल्या हँडब्रेकने गाडी चालवणे हे अनवधानाने घडणारे कृत्य नव्हे. समोर लाल दिवा लागतो, आजच्या कित्येक गाड्यांत सोबत घंटीही वाजते, गाडी पळत नाही, आणि थोड्याच वेळात जळक्या लायनरचा जो दर्प सुटतो तो इतका स्पष्ट असतो की शेजारचा रिक्षावालाही हात बाहेर काढून खूण करतो. म्हणजे ज्या कुटुंबसदस्यावर हा आरोप ठेवला जातो त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि वासही येत नाही असे गृहीत धरावे लागते, आणि तरीही त्याच्या हाती गाडी देण्यात आली हा दोष आरोप करणाऱ्याकडेच जातो. अर्धवट सोडलेला हँडब्रेक, ज्यात दांडा एकाच खाचेवर अडकलेला असतो, हा प्रकार अधिक संभवनीय आहे. तोही झाला तरी डावे-उजवे दोन्ही लायनर साधारण सारखेच खातो, आणि इथेच पुराव्याकडे वळण्याची निकड निर्माण होते.

झिजलेला पॅड हा दस्तऐवज असतो आणि तो वाचता येतो. वाचनाचा पहिला नियम असा की घर्षणद्रव्याची जाडी मोजताना मागची पोलादी पट्टी मोजायची नसते. नियम साधा असला तरी ती पट्टी स्वतःच सुमारे पाच मिलिमीटरची असल्यामुळे अनेक मालक पॅड पूर्ण संपल्यावरही त्यात “अजून अर्धा बाकी आहे” असा निर्वाळा देतात. नव्या पॅडवर घर्षणद्रव्याचा थर पुढे साधारण दहा ते बारा मिलिमीटर असतो, मागे बहुधा त्याहून पातळ, आणि तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलावा असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे मागचा पॅड मुळातच थोडे कमी आयुष्य घेऊन येतो, ही बाब त्याच्या अकाली मृत्यूची चर्चा करताना कोणी विचारात घेत नाही. कित्येक पॅडांना एक छोटी पत्र्याची जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते, जेणेकरून मालकाने गॅरेज गाठावे. मालक त्याऐवजी गाण्याचा आवाज वाढवतो.

दुसरा नियम तुलनेचा. एकटा पॅड काहीच सांगत नाही; डाव्या चाकाचे दोन आणि उजव्या चाकाचे दोन असे चारही एका रांगेत मांडले की बोलू लागतात. फक्त एकाच बाजूचे झिजले असतील तर चालकाच्या सवयी, घाट, महाबळेश्वर आणि बाईसाहेब हे सर्व संशयित एकदम निर्दोष सुटतात, कारण कोणत्याही माणसाला एकाच मागच्या चाकावर ब्रेक मारण्याची सवय लागू शकत नाही. मग दोष त्या बाजूच्या कॅलिपरमध्ये, त्याच्या रबरी नळीत किंवा त्या बाजूच्या केबलमध्ये शोधावा लागतो. दोन्ही बाजूंचे सारखे झिजले असतील तर कारण दोघांना समान असले पाहिजे. इथे मेस्त्री कधी कधी मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पायाच्या दाबाचे द्रवाच्या दाबात रूपांतर करणाऱ्या मुख्य नळकांड्यावर, बोट ठेवतो. परंतु पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत द्रवाच्या वाहिन्यांची विभागणी तिरपी असते, पुढचे डावे चाक मागच्या उजव्याशी आणि पुढचे उजवे मागच्या डाव्याशी जोडलेले असते. तेव्हा सिलिंडर दाब सोडत नसेल तर पुढच्यांनाही त्याची झळ लागली पाहिजे. पुढचे सुखरूप आणि दोन्ही मागचे खलास, अशी स्थिती दिसली की सिलिंडरवरचा संशय फिका पडतो आणि त्या दुरुस्तीचे अंदाजपत्रकही, मालक जागरूक असल्यास, मागे घेतले जाते.

एकाच चाकातल्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची तुलना त्याहून बोलकी असते. सामान्य गाडीचा कॅलिपर तरंगता असतो, म्हणजे त्याला फक्त आतल्या बाजूला पिस्टन असतो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड आपल्याकडे ओढतो. पाय उचलल्यावर पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी कडी, जी दाबाखाली किंचित पिळली गेलेली असते, पूर्वस्थितीत येताना पिस्टनला केसभर मागे ओढते, आणि तेवढ्यात पॅड डिस्कपासून सुटतो. परतीचा सगळा प्रवास एवढाच आहे, त्यासाठी कुठलीही स्प्रिंग नाही, आणि हे समजल्यावर ब्रेक पकडून कसा राहतो याऐवजी तो रोज सुटतो कसा याचेच आश्चर्य वाटू लागते. पिस्टनला गंज लागला किंवा त्याचे धुळीपासून रक्षण करणारे रबरी बूट फाटले की पिस्टन परत येत नाही आणि आतला पॅड झिजतो. पिना सुकल्या, त्यांवरचे ग्रीस आटले, की कॅलिपर परत सरकत नाही आणि बाहेरचा पॅड डिस्कला घासत राहतो. एकच पिन अडकली तर पॅड तिरका, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ, असा झिजतो. असा न सुटलेला पॅड म्हणजे ‘येतो आता’ म्हणून उठल्यावर उंबरठ्यावर अर्धा तास बोलत उभा राहणारा पाहुणा: जोर काहीच नसतो, पण दारही लावता येत नाही. दोन पिनांना योग्य प्रकारचे ग्रीस लावण्याचे काम काही मिनिटांचे आहे आणि ते सर्व्हिसिंगच्या यादीत छापलेलेही असते. यादीत त्यासमोर खूण करण्यास मात्र त्याहून कमी वेळ लागतो.

मागे डिस्क असलेल्या गाडीत आणखी एक गुंतागुंत असते, कारण अनेकदा हँडब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरच्या पोटात बसवलेली असते. कॅलिपरवर एक छोटा दांडा असतो, केबल त्याला ओढते आणि आतला स्क्रू पिस्टनला पुढे ढकलतो. हँडब्रेक खाली केल्यावर हा दांडा परत येऊन आपल्या अडणीला टेकला पाहिजे. केबलच्या नळीत पाणी शिरून गंज चढला असेल तर तो टेकत नाही आणि पॅड कायम किंचित दाबलेले राहतात. तपासणी करण्यासाठी गाडीखाली जाऊन डोळ्यांनी पाहणे पुरेसे असते, आणि म्हणूनच कदाचित ती टाळली जाते. याहून मनोरंजक प्रकार नवे पॅड बसवताना घडतो. नवा पॅड जाड असल्याने पिस्टन आत ढकलावा लागतो; पुढचा पिस्टन सरळ दाबला की आत जातो, परंतु स्क्रूची यंत्रणा असलेला मागचा पिस्टन बहुधा फिरवत फिरवत आत न्यावा लागतो आणि त्यासाठी वेगळे हत्यार मिळते. ते हाताशी नसल्यास चिमटा आणि निर्धार यांचा उपयोग केला जातो. निर्धार यशस्वी होतो, पिस्टन आत जातो, आतली यंत्रणा दुखावते, आणि अकाली झिजेवर केलेल्या उपचारातून पुढच्या अकाली झिजेचा पाया घातला जातो. ज्या गाड्यांत हँडब्रेक बटणावर चालतो तिथे पिस्टन हलवणारी विजेची मोटर आधी संगणकाला सांगून ‘दुरुस्तीच्या स्थितीत’ न्यावी लागते, आणि संगणकाला सांगण्याचे यंत्र सहसा दुसऱ्या शाखेत असते.

चाक जाम राहत असेल आणि दोष द्रवदाबाचा की यंत्रणेचा हे ठरत नसेल, तर एक सुंदर कसोटी उपलब्ध आहे. त्या चाकाच्या कॅलिपरवरचा ब्लीडर, म्हणजे ब्रेकमधली एअर काढण्यासाठी ठेवलेला छोटा नळ, किंचित सैल करावा. द्रवाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर दाब आत कोंडला होता, आणि मग संशय रबरी नळीवर जातो, कारण जुनी नळी बाहेरून तुकतुकीत दिसत असतानाच आतून सुजते व पायाचा दाब पुढे जाऊ देते पण मागे येऊ देत नाही. चाक तरीही अडलेलेच राहिले तर दोष पिस्टन, पिना किंवा केबलचा. द्रवाचाही विचार करावा लागतो. ब्रेक ऑईल या नावाने ओळखला जाणारा पदार्थ, डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रकारचा असल्यास, तेल नसून हवेतला ओलावा शोषणारे रसायन आहे. नव्या डॉट ४ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पाणी मुरल्यावरच्या चाचणीत तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. हेच पाणी पिस्टनला आतून गंजवते. दर दोन वर्षांनी हा द्रव बदलावा असे पुष्कळ उत्पादक सांगतात, परंतु डबीतली पातळी खाली गेली की वरून थोडा ओतणे ही आपल्याकडील प्रचलित पद्धत आहे. पातळी खाली जाण्याचे एक कारण पॅड झिजल्याने पिस्टन पुढे सरकणे हेच असते, तेव्हा वरून ओतणारा आपल्या हाताने पुरावा नष्ट करतो.

आता समजा, पिना गुळगुळीत आहेत, दांडा अडणीला टेकतो, नळी निरोगी आहे, चारही पॅड समसमान झिजले आहेत आणि तरीही पुढच्यांच्या आधी मागचे संपले आहेत. अशा वेळी सर्व्हिस सेंटरमधला तरुण “नॉर्मल आहे, सर,” असे सांगतो आणि मालकाला ती बनवाबनवी वाटते. दुर्दैवाने या एका प्रसंगी तो खरे बोलत असू शकतो. भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली, आणि तिच्याबरोबर बहुधा ईबीडी येते, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारा संगणक. जुन्या गाडीत मागचे चाक घसरेल या भीतीने त्याचा वाटा कायमचाच कमी ठेवत. संगणक प्रत्येक चाकाच्या फिरण्यावर लक्ष ठेवून असल्यामुळे त्याला ती भीती उरलेली नाही, आणि हलक्या ब्रेकच्या वेळी, जेव्हा भार पुढे फारसा झुकलेला नसतो, तो मागच्यांना बिनधास्त कामाला लावतो. गाडी नाक खाली न करता सपाट थांबते आणि आतला प्रवासी समाधानाने चहाचा घोट घेतो. पुणे किंवा ठाण्याच्या रहदारीत दिवसभरातले बहुतेक ब्रेक असे हलकेच असतात, त्यामुळे जोराच्या ब्रेकसाठी राखलेला पुढचा पॅड राखीवच राहतो. त्यात घाटाच्या वळणावर गाडी बाहेर जाऊ लागली की स्थैर्य राखणारी यंत्रणा आतल्या बाजूचे मागचे चाक स्वतःहून आवळते, आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा स्वयंचलित क्रूझ कंट्रोल असेल तर चालकाने पायही न हलवता ब्रेक लागत राहतात. “मी तर ब्रेक मारतच नाही” हे चालकाचे म्हणणे अशा गाडीत अक्षरशः खरे असते. मारणारा दुसराच आहे, त्याचे नाव बिलावर येत नाही.

ड्रमच्या घराण्यात कारणे वेगळी आहेत. दोन शूंपैकी चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढला जाणारा शू ड्रमवर अधिक घट्ट बसतो आणि अधिक झिजतो, यात रोग काही नाही. लायनर झिजतील तसे शू आपोआप थोडे बाहेर सरकवणारा एक अ‍ॅडजस्टर आत असतो, परंतु ड्रम ही बंद पेटी असल्यामुळे लायनरची पूड तिथेच साठते, पावसाळ्यात तिचा लगदा होतो आणि अ‍ॅडजस्टर थिजतो. मग हँडब्रेक फार वर येऊ लागतो व मालक गॅरेजमध्ये जाऊन “हँडब्रेक टाइट करून द्या,” अशी मागणी करतो. शास्त्र असे की आधी ड्रम काढून, आतली पूड साफ करून शू योग्य अंतरावर आणावेत, आणि त्यानंतरही गरज उरल्यास केबलला हात लावावा. व्यवहार असा की दांड्याखालचा नट पाच मिनिटांत आवळला जातो. हँडब्रेक दोन खाचांतच कडक लागतो, मालक खूश होऊन चहाचे पैसे देतो, आणि आवळलेल्या केबलमुळे शू पूर्ण मिटत नाहीत, अ‍ॅडजस्टरला आपले काम करायला मोकळीक राहत नाही, आणि लायनर त्या दिवसापासून रात्रंदिवस घासू लागतात. पुढे ते संपल्यावर हँडब्रेक ओढून चालवल्याचा जो आरोप होतो तो अशा प्रकारे, फार खोल अर्थाने, खराच असतो; फक्त हँडब्रेक गॅरेजने ओढलेला असतो.

माल वाहणाऱ्या पिकअप गाड्यांत आणि काही व्हॅनमध्ये मागच्या आसाजवळ भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. मागचा भाग ओझ्याने खाली बसला की एका दांड्याच्या हालचालीवरून त्याला ते समजते व तो मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो, कारण ओझे असताना मागची पकडही वाढलेली असते. चिखल बसून हा दांडा ओझ्याच्या स्थितीतच अडकला तर रिकामी गाडीही भरलेली असल्याच्या समजुतीत ब्रेक मारते. अर्थात जुन्नर-नारायणगावकडून टोमॅटो भरून माळशेज उतरणाऱ्या पिकअपच्या बाबतीत हा दोष शोधणे निरर्थक ठरते, कारण तिथे व्हॉल्व्हची समजूत पूर्णपणे बरोबर असते आणि चुकीचा आकडा वजनाच्या पावतीवर असतो.

राहता राहिला घाट. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाच्या अवरोधाने वेग आवरावा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये, हे खंबाटकीपासून आंबोलीपर्यंतच्या उतारांवर कोणताही एसटीचालक सांगेल. इंधन वाचेल या श्रद्धेने न्यूट्रलमध्ये उतरणारा वाचवलेले पेट्रोल लायनरच्या रूपाने परत करतो. परंतु कोकणात घाटापेक्षा मुक्काम अधिक घातक असतो. गणपतीसाठी मुंबईहून आलेली गाडी धुवाधार पावसातून येते, ड्रम ओले असतात, आणि अंगणात ती हँडब्रेक गच्च ओढून उभी केली जाते, जणू भाताच्या खाचरात ती स्वतःहून उतरणार आहे. खारी दमट हवा आणि ओला ड्रम यांच्या संगतीत शू जिथे टेकला तिथेच चिकटतो; गौरी-गणपती विसर्जन करून निघताना ‘कडाक्’ असा आवाज होऊन चाक सुटते, कधी त्याबरोबर लायनरचा एखादा तुकडाही सुटतो. सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला तर हे टळते, पण दहा-बारा लाखांच्या गाडीला दगड लावण्याची सूचना भावकीसमोर कोणी स्वीकारत नाही.

सर्व्हिस सेंटरांत हल्ली एक स्तुत्य प्रथा रूढ झाली आहे. बदललेले जुने पॅड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मालकाला परत देतात, जेणेकरून ते खरोखर बदलल्याची खात्री पटावी. निदानासाठी लागणारा सर्व पुरावा त्या पिशवीत असतो: आतला कोणता, बाहेरचा कोणता, तिरका कोणता. मात्र तो डाव्या-उजव्याची सरमिसळ होऊन, बिल भरल्यानंतर मिळतो, आणि मालक तो न उघडता डिकीत स्टेपनीशेजारी ठेवतो, जिथे आधीच्या खेपेची पिशवी असते.

विजेवरच्या गाड्यांनी या शास्त्रात एक नवे प्रकरण जोडले आहे. त्यांत वेग कमी करताना मोटरच जनित्र होऊन बॅटरीत वीज परत भरते आणि गाडी आवरण्याचे बरेचसे काम तिच्याकडून होते. फोक्सवॅगनच्या आयडी.३ या गाडीत ही मोटर मागच्या चाकांवर असल्यामुळे मागच्या ब्रेकला काम इतके थोडे उरते की उघड्या डिस्कवर वापराअभावी गंजच चढावा, म्हणून निर्मात्यांनी तिथे पुन्हा बंद पेटीचा, जुना, पदच्युत ड्रम बसवला. आपल्याकडच्या ज्या विजेच्या गाड्यांत मागे डिस्क आहे त्यांचे मालक आता मागून घर्रघर्र आवाज येतो अशी तक्रार घेऊन येऊ लागतील, पॅड जवळजवळ नव्याइतके जाड निघतील आणि डिस्कवर तांबूस खवले दिसतील. मेस्त्री चाक काढण्यापूर्वीच मागच्या आसनावर बसलेल्या मुलाकडे नजर टाकून सांगेल, “साहेब, गाडीचे ब्रेक कुणी मारतच नाही वाटतं.”